खोक्यांतून येणारें कपाट

पूर्वीं घरांत कपाट करावयाचें म्हणजे सुतारास बोलवावें, त्यानें भिंतीचें माप घ्यावें व आठवडाभर ओसरीवर रंध्याचा आवाज चालावा, असा क्रम असे. आतां स्वयंपाकघराचें फडताळसुद्धां मोबाईलच्या पडद्यावर पाहून मागवितां येतें आणि चपट्या खोक्यांत सुटें होऊन दाराशीं येतें. ही सोय कशी निर्माण झाली व तिचा लाभ घेतांना कोणती दक्षता बाळगावी, याचा थोडक्यांत विचार करूं.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. व्हिएन्ना येथील मिखाएल थोनेट यानें १८५९ सालीं वाफेनें वांकविलेल्या लांकडाची एक खुर्ची काढिली. सहा लांकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढाच तिचा संसार! अशा ३६ सुट्या खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. जोडलेल्या सामानांत बहुतेक पोकळीच असते; तिचें भाडें कशास द्यावें, हें या युक्तीचें मर्म होय. १९४३ सालीं स्वीडनमध्यें स्थापन झालेल्या आयकिया पेढीनें पुढें हाच मार्ग धरिला. तिचें भारतांतील पहिलें दुकान २०१८ सालीं हैदराबादेस उघडलें.

मात्र सुतार भिंतीपुढें उभा राहून जें सहज पाहतो, तें येथें ग्राहकासच पाहावें लागतें. पहिली गोष्ट मापाची. भिंती क्वचितच ओळंब्यांत असतात. यास्तव रुंदी तळाशीं, मध्यें व वर मोजून सर्वांत लहान आंकडा प्रमाण धरावा. नळ, खिडकी व गॅसची नळी यांच्या जागा कागदावर मांडाव्या. खोकें जिन्याच्या वळणांतून येईल कीं नाहीं, हेंही पाहावें.

दुसरी गोष्ट फळीची. स्वस्त कपाटें बहुधा लांकडाचा चुरा व चिकटद्रव्य दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचीं असतात. त्याच्या कडेंतून पाणी शिरलें कीं तें फुगतें व पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. कोंकणच्या पावसांत आणि मोरीजवळ भारतीय मानक ७१० ची खूण असलेलें प्लायवूड अधिक टिकतें.

तिसरी गोष्ट शर्तींची. वस्तु परत घेण्याच्या, पैसे परत देण्याच्या व हमीच्या अटी विक्रेत्यानें आधींच दाखविल्या पाहिजेत, असें २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. त्या वाचाव्या, खोकें उघडतांना छायाचित्र घ्यावें व यादीप्रमाणें भाग मोजावे. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उंच कपाट भिंतीस जखडलेंच पाहिजे. खणांचीं कपाटें अंगावर कोसळून बालकें मृत्यु पावल्यामुळें २०१६ सालीं अमेरिकेंत आयकियाला सुमारें २ कोटी ९० लक्ष नग परत बोलवावे लागले. चार स्क्रूंचा आळस केवढा महाग पडतो, हें यावरून कळेल.

बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत शुभवर्तमानांत आहे. कपाट बुरुजाहून लहान खरें. तथापि त्यांत एका कुटुंबाचे कष्टाचे पैसे असतात. म्हणून आधीं मोजावें, मग मागवावें. आणि जोडणी साधत नसेल तर शेजारच्या सुतारास योग्य मोबदला देऊन सन्मानानें बोलवावें. त्याच्या हाताचें मोल खोक्यांत भरून येत नाहीं.