साखर अचानक उतरते तेव्हा...

अहिल्यानगर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. मधुमेही व्यक्तीला मात्र साखरेचे नाव काढले तरी धास्ती वाटते. या धास्तीपोटी रक्तातील साखर कमी होण्याच्या धोक्याकडे दुर्लक्ष होते. वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षे शरीर पोखरत राहते. खूप उतरलेली साखर मात्र अल्पावधीत रुग्णाला बेशुद्ध करू शकते.

साखर का उतरते?

मेंदूचे काम प्रामुख्याने ग्लुकोजवर चालते. रक्तातील ग्लुकोज प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले की ती धोक्याची सूचना असते. ५४ च्या खालची पातळी गंभीर मानली जाते. इन्शुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. औषध नेहमीचे, पण जेवण टळले किंवा श्रम वाढले, की साखर उतरते.

नवरात्रात अनेक जण पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवीला पायी जातात. उपवास, पायपीट आणि नेहमीच्या मात्रेतील औषध असा तिहेरी योग या काळात जुळून येतो. चालण्याचा परिणाम पुढे काही तास टिकत असल्याने रात्री झोपेतही साखर उतरू शकते. म्हणून उपवास वा पदयात्रेपूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ती परस्पर बदलू नये.

लक्षणे ओळखा

दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड आणि कडकडून भूक ही सुरुवातीची लक्षणे. पुढे बोलणे अडखळते, रुग्ण विनाकारण चिडतो, असंबद्ध वागतो. अशा वेळी पाहणाऱ्यांचा त्याने मद्यपान केल्याचा गैरसमज होण्याची शक्यता असते. वयोवृद्धांत आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत सुरुवातीची लक्षणे जाणवतीलच असे नाही. रक्तदाबाच्या काही औषधांमुळेही ती झाकली जातात.

तातडीने काय करावे?

ग्लुकोमीटर जवळ नसला तरी थांबू नये. तीन ते चार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर ७० च्या वर आली नसल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर पोळी, भात किंवा केळे खावे. चॉकलेट, पेढा किंवा साबुदाण्याची खिचडी यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून पहिला उपाय तो नव्हे. ‘शुगर फ्री’ गोळ्यांचा तर काहीच उपयोग नाही. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही. त्यांनी ग्लुकोजच जवळ बाळगावे.

रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात पाणी किंवा साखर घालू नये. ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्यांमुळे उतरलेली साखर उपचारानंतर पुन्हा घसरू शकते. त्यामुळे शुद्ध आली तरी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घरी परतू नये.

मधुमेह्याच्या खिशातील ग्लुकोजची पुडी म्हणजे पथ्यभंग नव्हे. ती औषधाइतकीच आवश्यक आहे, हे रुग्णाबरोबर कुटुंबीयांनीही ध्यानात ठेवावे.