हेडफोनची पारख

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, मुंबई–हावडा लोहमार्गावर दरेकसा नावाचे एक लहानसे स्थानक आहे. सभोवार डोंगर आणि जंगल, जवळच हाजरा धबधबा आणि थोडे आत गेले की कचारगडच्या गुहा. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि एरवी शांत असणारा हा परिसर ढोलांच्या आवाजाने दुमदुमून जातो.

या दरेकसाचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात आहे. त्याची आजी गोंडी गाणी म्हणते. ती गाणी हा मुलगा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो, मग पुन्हा पुन्हा ऐकून वहीत उतरवून घेतो. आजीचे वय झाले आहे. तेव्हा हे काम लवकर व्हायला हवे, असे त्याला वाटते. अडचण एकच. ढोलाच्या आवाजात शब्द नीट कळत नाहीत. तेंदूपत्त्याच्या हंगामात मिळवलेल्या पैशांतून चांगला हेडफोन घ्यावा म्हणून त्याने दोन ओळखीच्या माणसांकडून दोन हेडफोन मागून आणले आणि ते माझ्यासमोर ठेवले. एकाची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट होती.

“सर, यांतला चांगला कोणता?”

मी दोन्ही कानांना लावून पाहिले. महाग हेडफोन लगेच आवडला. आवाज कसा भरदार, मोकळा! प्रयोगशाळेतील इतर मुलांनीही तोच कौल दिला. मुलगा थोडा खट्टू झाला, कारण तेवढे पैसे त्याच्याजवळ नव्हते. पण आमचा हा कौल बरोबर होता का? चला, थोडे खोलात जाऊन पाहू.

पडदा, वेटोळे आणि चुंबक

बहुतेक हेडफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि हे वेटोळे एका चुंबकाच्या फटीत बसवलेले असते. गाण्याचा विद्युत्‌प्रवाह वेटोळ्यातून वाहू लागला की चुंबकीय क्षेत्रामुळे त्यावर बल पडते. प्रवाह पुढेमागे होतो तसा पडदाही पुढेमागे हलतो. पडदा हलला की हवा हलते आणि हवेची ही कंपने कानाच्या पडद्यापर्यंत पोचतात. दर सेकंदाला किती कंपने होतात त्या संख्येस कंप्रता म्हणतात. ती हर्ट्‌झमध्ये मोजतात. तरुण माणसाच्या कानाला साधारणपणे 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात.

येथे एक गंमत आहे. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मधे फट राहिली तर दाबलेली हवा त्या फटीतून निसटते. खर्जाच्या स्वरांची कंपने सावकाश होत असल्यामुळे निसटायला तिला भरपूर वेळ मिळतो. याचा पडताळा तुम्ही आत्ताच घेऊ शकता. कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावून तबल्याचे ध्वनिमुद्रण ऐका आणि गादी बोटाने किंचित उचला. डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा होईल, चाटीचा आवाज मात्र राहील. म्हणजे हेडफोन डोक्यावर कसा बसतो यावरही त्याचा आवाज अवलंबून असतो. चष्म्याची दांडी किंवा दाट केस मधे आले तरी फरक पडतो.

काही हेडफोनची पाठ बंद असते, तर काहींची मुद्दाम उघडी ठेवतात. 1968 साली सेनहायझर या जर्मन कंपनीने एचडी 414 हा उघड्या पाठीचा हेडफोन काढला. असे हेडफोन हलके असतात आणि त्यांचा आवाज मोकळा वाटतो. अमेरिकेतील कॉस कंपनीचा 1984 सालचा पोर्टा प्रो हाही याच जातीचा. तो स्वस्त असूनही जाणकारांच्या पसंतीला उतरला. मात्र उघड्या पाठीतून बाहेरचा गोंगाटही बिनदिक्कत आत येतो.

मोठा तो चांगला?

आता आमच्या कौलाकडे वळू. दोन्ही हेडफोन एकाच मोबाइलला जोडले होते आणि आवाजाची पायरीही तीच ठेवली होती. म्हणजे तुलना न्याय्य झाली, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले. पण ते चूक होते.

समजा, एका हेडफोनचा विद्युत्‌विरोध 60 ओहम आहे आणि दुसऱ्याचा 300 ओहम. बाजारात असे दोन्ही प्रकार मिळतात. वर सांगितलेला पोर्टा प्रो 60 ओहमचा आहे, तर सेनहायझरचा एचडी 600 हा 300 ओहमचा. मोबाइल दोघांनाही सारखाच विद्युत्‌दाब देतो. शक्ती म्हणजे विद्युत्‌दाबाचा वर्ग भागिले विरोध, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. म्हणजे 300 ओहमच्या हेडफोनला दुसऱ्याच्या केवळ एक पंचमांश शक्ती मिळेल. बाकी सर्व गोष्टी सारख्या धरल्या, तर केवळ एवढ्यामुळे त्याचा आवाज 7 डेसिबलने कमी भरेल. प्रत्यक्षात चुंबकाचे बळ आणि पडद्याचे वजन यांमुळेही फरक पडतो. तात्पर्य, पायरी एक असली म्हणजे आवाजाची पातळी एक असतेच असे नाही.

पातळी वेगळी असली तर बिघडले कुठे? बिघडते ते आपल्या कानामुळे. 1933 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांचे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कान सर्व कंप्रतांना सारखाच दाद देत नाही. आजच्या प्रमाणित मापनांनुसार 1000 हर्ट्‌झचा 40 डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी 100 हर्ट्‌झच्या स्वराला सुमारे 64 डेसिबल लागतात! आवाज वाढवत नेला की ही तफावत कमी होत जाते. म्हणजे तेच गाणे किंचित मोठ्याने लावले की त्यातला खर्ज अधिक भरल्यासारखा वाटतो. वास्तविक गाणे तेच आणि हेडफोनही तोच, पण आपण म्हणतो, “वा! आता खरा आवाज आला.”

म्हणून दोन हेडफोनची तुलना करताना ज्याचा आवाज थोडासा मोठा, तोच बहुधा जिंकतो. आणि आपण त्याला “मोठा” म्हणत नाही, “चांगला” म्हणतो.

धबधब्याचा उपयोग

मग पातळी सारखी कशी करायची? एकच स्वर वाजवून भागत नाही, कारण एका कंप्रतेला दोन हेडफोन सारखे असले तरी दुसऱ्या कंप्रतेला वेगळे असू शकतात. सर्व कंप्रता मिसळलेला आवाज हवा. असा आवाज दरेकसाच्या मुलांना फुकट मिळतो: हाजरा धबधब्याचा! पडणाऱ्या पाण्याच्या खळाळात खर्जापासून टिपेपर्यंतच्या कंप्रता एकत्र असतात. धबधबा जवळ नसेल तर जोराच्या पावसाचे ध्वनिमुद्रणही चालेल.

जाड पुठ्ठ्याची एक तबकडी कापून मध्यभागी लहान भोक पाडा. भोकामागे दुसऱ्या मोबाइलचा मायक्रोफोन येईल अशी ती बसवा आणि आवाज मोजणारे एखादे ॲप सुरू करा. आता हेडफोनची गादी तबकडीवर घट्ट टेकवा. फट राहिली तर कडेने मळलेली कणीक लावा. मायक्रोफोनच्या छिद्रात मात्र कणीक जाऊ देऊ नका. धबधब्याचा आवाज लावून आकडा लिहून घ्या, मग दुसऱ्या हेडफोनसाठी हेच करा. मोबाइलवरचा आकडा अगदी अचूक नसतो, पण आपल्याला फक्त दोन आकड्यांतील फरक हवा आहे आणि त्यासाठी हे साधन पुरेसे आहे.

आम्ही मोजले तेव्हा महाग हेडफोनचा आकडा 5 डेसिबलने अधिक भरला. म्हणजे त्यातून बाहेर पडणारी ध्वनीची शक्ती तिपटीहून थोडी अधिक होती. त्याची पायरी उतरवून दोन्ही आकडे सारखे केले आणि मुलांना पुन्हा ऐकवले. आता मते जवळजवळ निम्मी निम्मी विभागली. माझे स्वतःचे मत तर फिरलेच. इतकी वर्षे पदार्थविज्ञान शिकवूनही मी फसलो होतो!

डोळे मिटून ऐका

पातळीइतकाच दुसरा फसवा घटक म्हणजे किंमत. वस्तू महाग आहे हे कळले की ती चांगली वाटू लागते. म्हणून ज्यांनी दोन्ही हेडफोन पूर्वी कधी पाहिले नाहीत असे दहा मित्र बोलवा. त्यांचे डोळे बांधा, हात मांडीवर ठेवायला सांगा आणि हेडफोन तुम्हीच त्यांच्या डोक्यावर चढवा. गाण्याचा तोच तुकडा, वीसेक सेकंदांचा, लगोलग दोन्हींवर ऐकवा, कारण आवाजाचे बारकावे फार वेळ ध्यानात राहत नाहीत. पाच जणांना आधी पहिला हेडफोन द्या, उरलेल्या पाच जणांना आधी दुसरा. प्रत्येकाचे एकच मत घ्या आणि सर्वांचे होईपर्यंत कोणी काही बोलू नये.

समजा, महाग हेडफोनला 10 पैकी 7 मते पडली. झाला का तो श्रेष्ठ? थांबा. मित्रांनी न ऐकताच नाणेफेक करून मत दिले असते, तरी त्याला 7 किंवा अधिक मते पडण्याची शक्यता 1024 पैकी 176, म्हणजे सुमारे सतरा टक्के असते. 9 किंवा अधिक मते पडण्याची शक्यता मात्र 1024 पैकी केवळ 11. तेव्हा 7 मतांवर उड्या मारू नका. 9 पडली तर मात्र काहीतरी खरे आहे असे समजायला हरकत नाही.

हेडफोनवर संशोधन करणारे लोकही असेच करतात. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 च्या सुमारास आणखी एक युक्ती योजली. निरनिराळ्या हेडफोनचे आवाज त्यांनी एकाच हेडफोनवर हुबेहूब उतरवले, म्हणजे वजन आणि गादी यांवरूनही ऐकणाऱ्याला काही ओळखता येऊ नये. 2017 साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनच्या मापनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळ्या कंप्रतांना हेडफोन कसा दाद देतो आणि त्याची किंमत काय आहे, यांत त्याला काहीही संबंध आढळला नाही. महाग वस्तू अधिक टिकाऊ किंवा अधिक सुखकर असू शकेल. पण किमतीच्या चिठ्ठीवरून आवाजाची पारख होत नाही.

कशासाठी ऐकायचे?

“चांगला कोणता” या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे: कशासाठी चांगला? तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे उपस्वर ऐकायचे असतील तर टिपेची बाजू स्वच्छ हवी. आमच्या मुलाला हवे होते शब्द. स, श, च यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः 2000 हर्ट्‌झच्या वरच्या भागात असते, तर ढोलाचा जोर खालच्या भागात. खालच्या कंप्रतेचा मोठा आवाज वरच्या कंप्रतेच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. म्हणून खर्ज फुगवून दाखवणारा हेडफोन नाचायला चांगला, पण शब्द टिपायला वाईट.

मुलाने मग स्वतःच एक परीक्षा योजली, आणि ती मला माझ्या सर्व प्रयोगांहून सरस वाटली. त्याने न ऐकलेली काही गाणी घेतली. अर्धी एका हेडफोनवर ऐकून लिहिली, अर्धी दुसऱ्यावर. पातळी अर्थात सारखी ठेवली. मग वही आजीला वाचून दाखवली. आजी चुकलेल्या शब्दावर हसे, आणि तो तेथे फुली मारी. फुल्या दोन्हींकडे जवळजवळ सारख्याच निघाल्या. त्याने स्वस्त हेडफोन घेतला आणि उरलेले पैसे परीक्षेच्या फीसाठी ठेवले.

आणि कान?

जाता जाता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा मुलगा रोज गाडीने कॉलेजला येतो. डब्यात गोंगाट असतो आणि बोगद्यात गाडी शिरली की तो आणखी वाढतो. अशा वेळी हात आपोआप आवाज वाढवायला जातो, आणि बोगदा संपल्यावर तो कमी करायचे राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी तेवढ्याच तासांना 75 डेसिबलची पातळी धरतात. आवाज 3 डेसिबलने वाढला की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. 83 ला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला अवघे 5 तास! आतल्या कानातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसल पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, हेडफोन घ्यायला जाल तेव्हा आधी पातळी सारखी करा, मग डोळे मिटा आणि कशासाठी ऐकायचे ते ठरवा. हेडफोन बिघडला तर दुसरा मिळेल. कान मात्र हीच एक जोडी आहे, आणि दरेकसाच्या त्या वहीत अजून बरीच गाणी उतरायची आहेत.