रशियातील परदेशी साहाय्यकार्य
पहिले महायुद्ध, १९१७ ची राज्यक्रांती, त्यानंतरचे यादवी युद्ध व १९२१–२२ चा दुष्काळ या आपत्तींत सापडलेल्या रशियन जनतेस आणि देशत्याग केलेल्या रशियन निर्वासितांस परदेशी संस्थांनी केलेले साहाय्य. रेडक्रॉस, ख्रिस्ती धर्मपंथांच्या सेवासमित्या व लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या संघटना यांचा त्यात मोठा वाटा होता. नवी राजवट या कार्यकर्त्यांकडे परकीय हस्तक म्हणून पाही, तर त्यांच्या मायदेशातील टीकाकार त्यांना बोल्शेव्हिकांचे पाठीराखे ठरवीत. अन्न कोणाच्या हातून वाटावयाचे, हा प्रश्न त्यामुळे अन्नाच्या तुटवड्याइतकाच बिकट ठरला.

क्रांतीपूर्वीच, १९१६ मध्ये, इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी समारा प्रांतातील बुझुलुक येथे युद्धनिर्वासितांसाठी दवाखाने व कामशाळा उघडल्या. पुढील वर्षी सहा अमेरिकन स्त्रिया त्यांना येऊन मिळाल्या. यादवी युद्धामुळे हे काम बंद पडले. दक्षिण रशियातील मेनोनाइट वसाहतींना मदत पोहोचविण्यासाठी गेलेला क्लेटन क्रॅट्झ हा अमेरिकन तरुण १९२० मध्ये तेथेच बेपत्ता झाला.

या काळातील सर्वांत विलक्षण प्रकरण पेट्रग्राडच्या मुलांचे होय. शहरातील अन्नटंचाईमुळे सु. ८०० मुलांना १९१८ मध्ये उरल प्रदेशात पाठविण्यात आले होते. चेक सैन्यदलाच्या उठावाने परतीचा मार्ग तुटला व मुले युद्धरेषेपलीकडे अडकली. अमेरिकन रेडक्रॉसने त्यांना एकत्र करून रेल्वेने व्ह्‌लॅडिव्हस्टॉकला नेले व १९२० मध्ये ‘योमेई मारू’ या जपानी मालवाहू जहाजातून पॅसिफिक महासागर, पनामा कालवा व न्यूयॉर्क या मार्गाने यूरोपात आणले. त्यांना फ्रान्समध्ये उतरविण्याचा बेत न्यूयॉर्क येथे जाहीर होताच मुलांनीच त्यास विरोध केला व अखेर जहाज फिनलंडला गेले. तेथून मुले आपापल्या घरी पोहोचली. घर सोडून त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

यादवी युद्ध, शेतकऱ्यांकडून धान्याची सक्तीची वसुली व १९२०–२१ मधील अवर्षण यांमुळे व्होल्गा नदीचे खोरे व दक्षिण युक्रेन येथे भीषण दुष्काळ पडला. त्यात सु. ५० लाख लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज आहे. जुलै १९२१ मध्ये माक्सिम गॉर्कीने जगाला मदतीचे आवाहन केले. हर्बर्ट हूव्हरच्या नेतृत्वाखालील ‘अमेरिकन रिलीफ ॲड्‌मिनिस्ट्रेशन’ या संघटनेने त्यास प्रतिसाद दिला आणि २० ऑगस्ट १९२१ रोजी रीगा येथे करार झाला. अटकेतील अमेरिकन नागरिकांची मुक्तता ही त्याची पूर्वअट होती. स्थानिक कर्मचारी निवडण्याचे स्वातंत्र्य संघटनेस मिळाले, तर अंतर्गत वाहतुकीचा व गोदामांचा खर्च सोव्हिएट शासनाने पतकरला. करारानंतर आठवड्याभरातच शासनाने रशियन विचारवंतांची स्वतंत्र दुष्काळ निवारण समिती बरखास्त करून तिच्या सदस्यांना अटक केली. परक्यांशी तडजोड करणाऱ्या राजवटीला देशांतर्गत स्वायत्त संस्था मात्र सहन झाली नाही, हे लक्षणीय आहे.

आरंभी केवळ मुलांसाठी भोजनगृहे उघडण्यात आली. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने दोन कोटी डॉलर मंजूर केल्यावर मका व बियाणे यांचा पुरवठा सुरू होऊन प्रौढांनाही शिधा मिळू लागला. अमेरिकेत त्यावेळी मक्याचे भाव कोसळलेले असल्याने या मंजुरीमागे भूतदयेबरोबर शेतकऱ्यांचे हितही होते. सोव्हिएट शासनानेही एक कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे सोने या खरेदीसाठी दिले. बंदरांतील गर्दी व मोडकळीस आलेली रेल्वे यांमुळे धान्य वेळेवर पोहोचविणे हीच खरी अडचण होती. ऑगस्ट १९२२ मध्ये सु. एक कोटी पाच लाख लोकांना रोज अन्न मिळत होते. एवढा व्याप सु. ३०० अमेरिकन व सु. १,२०,००० स्थानिक कर्मचाऱ्यांनी सांभाळला. याखेरीज परदेशस्थ आप्तांना दहा डॉलर भरून रशियातील व्यक्तीस शिध्याचे पुडके पाठविता येई. त्यात ४९ पौंड पीठ, २५ पौंड तांदूळ, ३ पौंड चहा, प्रत्येकी १० पौंड साखर व स्निग्ध पदार्थ आणि आटविलेल्या दुधाचे २० डबे असत. अनेक प्राध्यापक व लेखक या पुडक्यांवर जगले. सोव्हिएट शासन पुन्हा धान्य निर्यात करू लागल्यावर अमेरिकेतील सहानुभूती ओसरली व १९२३ च्या उन्हाळ्यात काम संपले. निरोपाच्या वेळी शासनाने या संघटनेचे आभार मानले. पुढील सोव्हिएट ग्रंथांत मात्र तिचे वर्णन हेरगिरीचे साधन असे आढळते.

फ्रित्यॉफ नान्सेन (१८६१–१९३०) याने यूरोपीय संस्थांच्या वतीने वेगळा करार केला. पण राष्ट्रसंघाने त्याची कर्जाची मागणी फेटाळली. त्याच्या छत्राखाली ब्रिटिश ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने सराटॉव्ह येथे, तर क्वेकरांनी पुन्हा बुझुलुक येथे काम केले. तेथे व्हायोलेट टिलर्ड ही इंग्रज कार्यकर्ती प्रलापक ज्वराने (टायफस) १९२२ मध्ये मरण पावली. युक्रेनमध्ये नान्सेनचा प्रतिनिधी म्हणून काम केलेल्या व्हिडकुन क्विसलिंगचे नाव पुढे देशद्रोहाचा पर्याय बनले.

देशाबाहेर पडलेल्यांची संख्या दहा ते वीस लाखांच्या दरम्यान असावी. नोव्हेंबर १९२० मध्ये जनरल व्रांगेलच्या सैन्यासह सु. दीड लाख लोक क्रिमियातून कॉन्स्टँटिनोपलला आले. गलिपली व लेमनॉस येथील छावण्यांतून त्यांना अन्न, औषधे व कपडे मिळाले; तथापि १५ डिसेंबर १९२१ च्या सोव्हिएट आदेशाने निर्वासितांचे नागरिकत्वच हिरावले गेले आणि भाकरीइतकीच कागदाची निकड निर्माण झाली. राष्ट्रसंघाचा निर्वासितविषयक उच्चायुक्त या नात्याने नान्सेनने जुलै १९२२ मध्ये विशेष ओळखपत्राची योजना संमत करून घेतली. ‘नान्सेन पारपत्र’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. पन्नासांहून अधिक देशांनी ते कालांतराने मान्य केले; परंतु ते देणाऱ्या देशात परतण्याचा हक्क त्याने आपोआप मिळत नसे.

रशियात १९१७–१८ मध्ये काम केलेले वाय. एम. सी. ए. चे काही अमेरिकन कार्यकर्ते निर्वासितांबरोबर बर्लिन व पॅरिस येथे आले. पॉल अँडरसन (१८९४–१९८५) हा त्यांपैकी प्रमुख होय. कारखान्यांत राबणाऱ्या निर्वासितांसाठी या संस्थेने पत्रद्वारा तंत्रशिक्षणाचे वर्ग चालविले. १९२२ मध्ये हद्दपार झालेल्या बिर्द्यायेव्ह प्रभृती तत्त्वज्ञांना तिने व्याख्यानपीठ व नियतकालिक मिळवून दिले आणि पॅरिस येथील सेंट सर्जियस या ऑर्थोडॉक्स धर्मशास्त्र संस्थेच्या स्थापनेस (१९२५) द्रव्यसाहाय्य केले. प्रॉटेस्टंट पैशावर ऑर्थोडॉक्स विद्यापीठ चालते, याबद्दल सनातनी निर्वासितांनी संशय घेतला. पण अँडरसन प्रभृतींनी धर्मांतराचा हेतू कटाक्षाने दूर ठेवला. प्राग येथे १९२१ मध्ये सुरू झालेली ‘वाय. एम. सी. ए. प्रेस’ ही प्रकाशनसंस्था पुढे पॅरिसमध्ये स्थिरावली. सोल्झेनित्सीनच्या गुलाग आर्किपेलॅगो या ग्रंथाचा पहिला खंड डिसेंबर १९७३ मध्ये रशियन भाषेत तिनेच प्रसिद्ध केला.