चाचणीत अडलं, म्हणून लेकराची शाळा अडायला नको



गेल्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला, वही मिटली, तरी आमच्या गटातली एक ताई उठेना. तिचा मुलगा गावच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवी झाला. पुढचे वर्ग गावात नाहीत. म्हणून भिवंडीतल्या एका खासगी हायस्कुलात आठवीसाठी नेला. तिथे त्याला पाऊण तासाचा पेपर दिला आणि लगेच सांगितलं, "मुलगा कच्चा आहे, आमच्याकडे चालणार नाही." आता घरात बोलणं सुरू झालंय, की शिकत नाही तर यंत्रमागाच्या कारखान्यात लावू.

हा मुलगा आम्ही लहानपणापासून पाहतोय. बापाबरोबर कारखान्यात गेला की ताक्यांचा हिशेब तोंडी करतो. धडा वाचून दाखवला तर सगळी उत्तरं देतो. पण स्वतः वाचायला बसला की घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळतो, जोडाक्षरं गाळतो, १५ चे ५१ लिहितो. वर्षानुवर्षं मार खाऊनही यात फरक पडलेला नाही.

मैत्रिणींनो, याला आळस म्हणू नका, मंदबुद्धी तर नाहीच नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, पण अक्षर ओळखणं, लिहिणं किंवा आकडेमोड यांत मेंदूला जास्त वेळ लागतो. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लिहिण्याच्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, त्यांत हीसुद्धा आहे. अशा मुलाला घाईचा लेखी पेपर दिला, तर त्याला किती येतं ते कळत नाही, तो किती भरभर वाचतो तेवढंच कळतं.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १३ नुसार पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेता येत नाही, आईबापांची मुलाखतही घेता येत नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील, तर चिठ्ठ्या टाकायच्या. हे मोडलं तर शाळेला पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेश दिल्यावर मूल कुठवर आलंय हे शिक्षकांनी जरूर पाहावं. ते शिकवण्यासाठी असतं, दार लावण्यासाठी नव्हे. एक लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही.

नववीपासून ही बंदी राहत नाही, तिथे शाळा चाचणी घेऊ शकते. तेव्हा दिव्यांग हक्क कायदा कामाला येतो. सरकारमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणे सोय करावी, असं त्यात आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, या सवलतींचा उल्लेख कलम १७ मध्येच आहे. म्हणून चाचणीच्या आधीच अर्ज द्या. जादा वेळ मागा, प्रश्न वाचून दाखवायची विनंती करा. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेतही सवलती मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत अर्ज जातो आणि प्रमाणपत्र लागतं.

हे प्रमाणपत्र कसं मिळतं? आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. मग पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जा. तिथे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना मुलाच्या वह्या दाखवा. पुढची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बालरोगतज्ज्ञ पाहतात, मानसशास्त्रज्ञ बुद्धीची चाचणी घेतात आणि मग वाचन-लेखनाची. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात याच कामासाठी वेगळा विभाग आहे. एका फेरीत काम होत नाही, रोजगार बुडतो, म्हणून प्रवेशाच्या महिन्यात धावाधाव नको. मूल आठ वर्षांचं किंवा तिसरीत असतानाच तपासणी करता येते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी ती पुन्हा करावी लागते. अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र कायम चालतं.

शाळेने नाकारलं तर भांडत बसू नका. "नकार लिहून द्या," एवढंच म्हणा. आपल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. मग गावातल्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शहरातल्या शाळेसाठी महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या. शिक्षण हक्क कायद्याखालच्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. दिव्यांगांच्या हक्काची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही करता येते.

आमच्या ताईबरोबर आम्ही पाचजणी गेलो. आवाज चढवला नाही. अर्ज पुढे ठेवला आणि नकार लेखी मागितला. मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला, चार दिवस मागून घेतले. पाचव्या दिवशी मुलाचं नाव पटावर चढलं. रुग्णालयाची तारीख अजून पुढे आहे, वाचनाची अडचणही एका दिवसात जाणार नाही. पण कारखान्याचं बोलणं घरात थांबलंय.

येत्या बैठकीत हिशेब झाला की एकमेकींना विचारा, कुणाचं लेकरू वाचताना अडतंय का? ज्या घरात असेल, तिथली आई एकटी शाळेत जाऊ नये, एवढं आपण बघू.