रजा टाकून गाणारा माणूस

रात्रीचे सव्वानऊ. हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर तीनच डोकी उरलेली. रिलीज अडकलेलं, एसीने बोटं गारठलेली आणि मशीनची कॉफी नेहमीसारखीच पाणचट. शेजारच्या क्यूबिकलमधल्या मित्राने काही न बोलता एक इअरफोन माझ्या कानात खुपसला. "नऊ मिनिटांचं गाणं आहे. तुझा बिल्ड संपेपर्यंत ऐक."

गाणं होतं 'डान्सिंग गर्ल'. आधी एक शांत, जराही घाई नसलेला पुरुषी आवाज. मग व्हायोलिन्स येतात, ब्रास येतं, लय पळायला लागते आणि तो आवाज शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर उड्या मारू लागतो. आपल्याकडे तराण्यात मारतात ना, तशा! बिल्ड कधी संपला, कळलंच नाही.

"कोण रे हा?"

"टेरी कॅलिअर. शिकागोचा. आपल्याच लाइनमधला."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रोग्रॅमर."

मला वाटलं, फेकतोय. पण नाही मंडळी, शंभर टक्के खरं होतं.

दोस्तांची गल्ली

कॅलिअरचा जन्म १९४५ चा. वाढला शिकागोच्या उत्तरेकडच्या कॅब्रिनी-ग्रीन भागात. सरकारी घरांची, गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वस्ती. पण गल्लीतली पोरं बघा! कर्टिस मेफिल्ड, जेरी बटलर, मेजर लान्स. पुढे तिघांचीही नावं रेकॉर्डवर झळकली. चर्चमधलं गॉस्पेल आणि नाचायला लावणारं ऱ्हिदम अँड ब्लूज एकत्र आलं, त्यातून 'सोल' संगीत घडलं. देवासाठी लावायचा तो आर्त स्वर इथे प्रेमासाठी, विरहासाठी, हक्कासाठी लागायचा. ते संगीत या मुलांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर घडत होतं.

१९६२ मध्ये, शाळेत असतानाच, टेरीची पहिली रेकॉर्ड निघाली. तीही चेस रेकॉर्ड्ससारख्या दादा कंपनीकडून. आता दौरा, टाळ्या, गाडी-बंगला? छे! आईने ठणकावून सांगितलं, आधी शाळा पूर्ण कर. अमेरिका असो की अलिबाग, आई ती आईच!

कॉलेजच्या दिवसांत तो कॉफी हाउसमध्ये गिटार घेऊन लोकगीतं गायचा. १९६४ मध्ये त्याने शिकागोच्या एका क्लबमध्ये जॉन कोलट्रेनला सॅक्सोफोन वाजवताना ऐकलं आणि हादरलाच. आपण जे करतोय ते या तोडीचं नाही, हे त्याला लख्ख कळलं. कार्यक्रम थांबवून त्याने काही काळ चक्क नोकरी धरली. मग पहिला अल्बम केला, त्यात गिटारच्या जोडीला दोन-दोन डबल बास. पण निर्माता टेप्स घेऊन मेक्सिकोत निघून गेला आणि अल्बम दुकानात यायला १९६८ उजाडलं. तोवर अशा गाण्यांची हवा बदलली होती.

नक्की कुठल्या रॅकमध्ये ठेवायचा?

सत्तरच्या दशकात जुना दोस्त जेरी बटलर मदतीला आला. त्याच्या गीतकारांच्या वर्कशॉपमध्ये टेरी पगारावर गाणी लिहू लागला. त्याने लॅरी वेडबरोबर लिहिलेलं एक गाणं 'द डेल्स' या ग्रुपने गायलं आणि ते गाजलं. त्या जोरावर चेसच्याच कॅडेट या लेबलने त्याला संधी दिली. संगीत संयोजक होता चार्ल्स स्टेपनी. 'अकेजनल रेन' (१९७२), 'व्हॉट कलर इज लव्ह' (१९७३) आणि 'आय जस्ट कान्ट हेल्प मायसेल्फ' (१९७४) असे तीन अल्बम ओळीने आले.

आज हे तीनही अल्बम जाणकार डोक्यावर घेतात. तेव्हा मात्र कौतुक झालं, गल्ला रिकामाच राहिला. कारण सोपं आहे. लोकगीताची गिटार, जॅझची मोकळीक, अख्खा ऑर्केस्ट्रा आणि सोलचा गळा. दुकानदाराने हे कुठल्या रॅकमध्ये ठेवायचं? रेडिओवाल्याने कुठल्या कार्यक्रमात वाजवायचं? कॅडेटची साथ सुटली. १९७६ मध्ये स्टेपनी गेला, अवघ्या पंचेचाळिशीत. दशकाच्या शेवटी एलेक्ट्रा कंपनीसाठी आणखी दोन अल्बम झाले, पण गाडी रुळावर आली नाहीच.

१९८३ : लॉग आउट

त्या वर्षी त्याची शाळकरी मुलगी त्याच्याकडे राहायला आली. आता फी भरायची, डबा द्यायचा, संध्याकाळी घरी असायचं. क्लबात रात्री एक वाजता गाऊन, पैसे मिळतील तेव्हा मिळतील, हे गणित बसणारं नव्हतं. टेरीने कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचे क्लास लावले आणि युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत नोकरी धरली. वय अडतीस. शिवाय संध्याकाळी समाजशास्त्राच्या पदवीचा अभ्यास. गिटार बाजूला पडली. ऑफिसातल्या लोकांना तो फक्त एक शांत सहकारी म्हणून माहीत. तीन अप्रतिम अल्बम नावावर असलेला माणूस शेजारी बसून कोड लिहितोय, याचा कुणाला पत्ताच नाही!

इथे मी गाणं थांबवलं. कारण मीही मध्यमा पूर्णपर्यंत गाणं शिकलोय. इंजिनीअरिंगला ॲडमिशन झाली तेव्हा 'थोडे दिवस' म्हणून पेटी माळ्यावर गेली. त्याला आता चौदा वर्षं झाली. ऑफिसच्या ॲन्युअल डेला कुणी गायला सांगितलं की मी घसा बसल्याचं कारण देतो.

इंग्लंडहून फोन

टेरी इकडे फाइली उपसत असताना तिकडे लंडनच्या क्लबांमध्ये वेगळंच चाललं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश डीजे जुन्या, विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन रेकॉर्ड्स शोधून वाजवत होते. गायब होण्याच्या सुमारास टेरीने एका चिमुकल्या लेबलसाठी केलेलं एक गाणं त्यांच्या हाती लागलं. तरुण पोरं त्यावर रात्र-रात्र नाचू लागली. ॲसिड जॅझ रेकॉर्ड्सच्या एडी पिलरने हुडकून हुडकून या माणसाला गाठलं, गाणं पुन्हा काढलं आणि गायला इंग्लंडला बोलावलं.

मग सुरू झालं एक अफलातून डबल आयुष्य. १९९१ पासून टेरी रजा टाकून इंग्लंडला जायचा, भरलेल्या क्लबात गायचा, लोक प्रत्येक शब्द त्याच्याबरोबर म्हणायचे. आणि सुट्टी संपली की साहेब शिकागोत परत हजर, स्क्रीनसमोर! आपण पीएल साठवून गोव्याला जातो. हा स्वतःला भेटायला जायचा.

१९९७ मध्ये बेथ ऑर्टनने त्याला आपल्या रेकॉर्डवर सोबत गायला घेतलं. १९९८ मध्ये 'टाइमपीस' आला, तब्बल एकोणीस वर्षांनंतरचा त्याचा नवा स्टुडिओ अल्बम. जागतिक शांततेला हातभार लावणारी कलाकृती म्हणून त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. बातमी ऑफिसात पोचली. बिंग फुटलं आणि नोकरी गेली! पुढे पूर्ण वेळ गाणंच. २००६ मध्ये मॅसिव्ह अटॅकबरोबर 'लिव्ह विथ मी' केलं आणि आपल्या वयाच्या मुलांच्या प्लेलिस्टमध्ये तो शिरला. २०१२ मध्ये, ६७ व्या वर्षी, कॅन्सरने तो गेला.

म्हणजे, सोडा नोकरी?

अजिबात नाही, बॉस. ईएमआय मलाही आहे. आणि प्रत्येकाला लंडनहून फोन येत नाही. त्याच्याइतकेच गुणी कितीतरी गायक शिकागोत असतील, ज्यांचा फोन वाजलाच नाही. ही गोष्ट 'पॅशन फॉलो करा'च्या पोस्टरवर लावायची नाही.

मला त्यात भावलं ते निराळंच. मुलीसाठी गाणं थांबवणं हा पराभव नव्हता, तो त्याचा निर्णय होता. आणि बोलावणं आलं तेव्हा 'आता काय, वय झालं' म्हणून त्याने फोन ठेवून दिला नाही. मिळतील तेवढे रजेचे दिवस घेतले आणि गायला. 'टाइमपीस' ऐका. तरुणपणीचा तोच आवाज, पण जास्त खोल, जास्त निवांत. मधली वर्षं वाया गेली नाहीत, आवाजात मुरली.

परवा सांगलीहून आईचा फोन आला. "अरे, माळा आवरतेय. ती तुझी पेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकू का? क्लास लावलाय तिने."

मी जरा थांबलो. "आई, तिला वाजवू दे की. पण देऊन टाकू नकोस. पुढच्या आठवड्यात येतोय मी."

"का रे? सणवार नाही काही, बरंबिरं आहे ना?"

"बरंय गं. दोन दिवसांची रजा टाकलीय."

ऐकायला सुरुवात कुठून कराल?

कामाच्या गडबडीत : 'ऑर्डिनरी जो' (अकेजनल रेन, १९७२)
रात्री उशिरा, दिवे मालवून : 'डान्सिंग गर्ल' (व्हॉट कलर इज लव्ह, १९७३)
रविवारी निवांत : 'टाइमपीस' (१९९८), सलग
हेडफोन चांगला असेल तर : 'लिव्ह विथ मी', मॅसिव्ह अटॅकबरोबर (२००६)