विषाणूच्याच पायावर धोंडा

फेब्रुवारी १९६८. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. केपटाऊनला जगातलं पहिलं होऊन तेव्हा तीन महिनेही उलटले नव्हते! रुग्ण काही तासच जगला.

शल्यविशारदांचे हात तयार होते, पण शरीराच्या पहारेकऱ्यांनी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी, परका अवयव कायमचा खपवून घ्यावा कसा? एक उत्तर मिळालं १९८४ मध्ये, जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत. तिथल्या एका जिवाणूनं बनवलेलं ते रसायन म्हणजे टॅक्रोलिमस. मूत्रपिंड बदललेले असंख्य लोक आज ही गोळी घड्याळ लावून घेतात.

मात्र या गोळीनं पहारेकरी पेंगले की सीएमव्ही हा विषाणू डोकं वर काढतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात तो असतोच. लालबागच्या चाळीतल्या मागच्या खोलीतल्या अबोल भाडेकरूसारखा, वर्षानुवर्षं गप्प. क्वचित तो थेट डोळ्याचा पडदा गाठतो. दुखत मुळीच नाही! नुसते काळे ठिपके तरंगतात, नजर धूसर होते. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आत डोकावतात. कुठेही न कापता जिवंत रक्तवाहिन्या डोळ्यांनी पाहता याव्यात, अशी शरीराला ही दुर्मीळ खिडकी! आत पिवळट पांढरे चट्टे, त्यांवर रक्ताचे शिंतोडे.

आता औषध, गॅन्सिक्लोव्हिर. ते शिरेतून देतात, कधी सुईनं थेट डोळ्यात, जेमतेम एकदोन थेंब. पण गंमत पुढे आहे. पेशीत शिरतं तेव्हा ते निपचित असतं. त्याला जागं करायला फॉस्फेटची पहिली कडी जोडावी लागते, आणि ती जोडतं कोण? खुद्द विषाणूचंच एक एन्झाइम! उरलेल्या दोन कड्या आपली पेशी लावते. मग हे सोंगाडं औषध विषाणूच्या डीएनएच्या साखळीत खऱ्या अक्षराच्या जागी जाऊन बसतं आणि साखळी वाढायची थांबते. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, तो असा! मला तर हे दोनदा वाचावं लागलं.

गॅन्सिक्लोव्हिरच्या गोळीची युक्तीही तशीच. हे औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही. म्हणून त्याला व्हॅलीन हे अमिनो आम्ल चिकटवलं. आतडं त्याला अन्न समजून आत घेतं.

मेलेला पडदा परत येत नाही, म्हणून घाई महत्त्वाची. टॅक्रोलिमसची मात्रा थोडी कमी करावी का, हे डोळ्याचे आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर मिळून ठरवतात. जास्त कमी केली तर पहारेकरी नव्या अवयवावरच धावून जायचे. गॅन्सिक्लोव्हिरनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, त्यावरही नजर ठेवायची. आणि हे औषध शेवटी अंगाबाहेर टाकतं कोण? तेच उसनं मूत्रपिंड! म्हणून डोळ्याच्या औषधाची मात्रा ठरवण्याआधी डॉक्टर मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज घ्यायला विचारतात, ‘क्रिएटिनिन किती आलं?’