जुनी रॅम, नवी रॅम आणि निळी स्क्रीन : दोष नेमका कुणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन पायरी-पायरीने बघायचंय, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय डेस्कटॉपवाल्यांचा. लॅपटॉपची रॅम आकाराने छोटी असते, ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

चित्र ओळखीचं आहे. मशिनमध्ये ८ जीबीची एक स्टिक आहे. गेम अडखळतोय, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की सगळं रखडतंय. म्हणून आणखी एक ८ जीबीची स्टिक आणली, बसवली, विंडोजने १६ जीबी दाखवलीसुद्धा. सगळे खूश. आणि दोन दिवसांनी निळी स्क्रीन! कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. दर वेळी वेगळंच नाव. मग निष्कर्ष ठरलेला : दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला.

असेलही. पण बऱ्याचदा दोन्ही स्टिक एकेकट्या ठणठणीत असतात, जमत नसते ती त्यांची जोडी. हे दोन आजार वेगळे आहेत आणि उपायही वेगळे. एकात स्टिक वॉरंटीत परत करायची, दुसऱ्यात एक रुपयाही न घालवता बायोसमधलं एक सेटिंग बदलायचं. कुठला आजार आहे हे कसं ओळखायचं, ते आज बघू.

भांडण कशावरून होतं?

प्रत्येक रॅम स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. ती स्टिकचं आधार कार्ड समजा. वेग किती, टायमिंग काय, व्होल्टेज किती, सगळं त्यात लिहिलेलं. पीसी सुरू होताना मदरबोर्ड सगळ्या स्टिकची कार्डं वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा एकच वेग ठरवतो. ट्रेकला गेलेल्या ग्रुपसारखं : जो सगळ्यात सावकाश चालतो, त्याच्या चालीने सगळे चालणार.

इथपर्यंत भांडण नाही. डीडीआर४साठी जेडेक या संस्थेने २१३३, २४००, २६६६, २९३३, ३२०० असे ठराविक वेग लावून दिलेत, व्होल्टेज १.२. पण खोक्यावर '३२००, सीएल १६' छापलेली गेमिंग स्टिक या चौकटीच्या बाहेरची असते. तो वेग आणि ती घट्ट टायमिंग गाठायला तिला साधारण १.३५ व्होल्ट लागतात. हे सेटिंग एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये साठवलेलं असतं. एक्सएमपी इंटेलचं, आणि डीडीआर५च्या काळात एएमडीने आणलेला त्याचा भाऊ म्हणजे एक्स्पो. थोडक्यात, एक्सएमपी म्हणजे कंपनीनेच तपासून दिलेलं ओव्हरक्लॉकिंग.

आता समजा, तुमची जुनी स्टिक २६६६, सीएल १९ आहे आणि नवी ३२००, सीएल १६. छोटं गणित करू : सीएल गुणिले २०००, भागिले वेग. उत्तर नॅनोसेकंदात येतं. जुनीचं येतं सव्वाचौदाच्या आसपास, नवीचं बरोबर दहा. म्हणजे जुनी म्हणते, "मला डेटा शोधायला सव्वाचौदा नॅनोसेकंद द्या." तुम्ही एक्सएमपी चालू केलंत की बोर्ड नवीचं प्रोफाइल जुनीवरही लादू शकतो, आणि तिला मिळतात फक्त दहा.

मग तीन गोष्टी होऊ शकतात. जुनीला ते झेपतं, विषय संपला. अजिबात झेपत नाही, मशिन सुरूच होत नाही, तेही एका अर्थी बरं. तिसरा प्रकार वाईट : झेपल्यासारखं दिसतं. विंडोज उघडतं, गाणी वाजतात, गेम चालतो, आणि मधूनच कुठेतरी एखादा बिट चुकतो.

दोन्ही स्टिकवर एकच नाव, एकच मॉडेल असलं तरी निर्धास्त राहू नका. एकाच मॉडेलखाली कंपनी कधी सॅमसंगच्या चिप वापरते, कधी मायक्रॉनच्या, कधी हायनिक्सच्या. म्हणून तर दोन स्टिकचा संच एका पाकिटात विकतात : त्या दोघी एकत्र तपासलेल्या असतात. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन पाकिटांची तशी हमी कुणी देत नाही. आणि चारही स्लॉट भरले तर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो. दोन स्टिकवर आरामात चालणारा वेग चारवर चालेलच असं नाही.

"चालतंय की, मग काय बिघडलं?"

हा आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. निळी स्क्रीन ही खरी भीती नाहीच. ती निदान ओरडून सांगते. भीती आहे गप्प बसणाऱ्या चुकीची.

तुम्ही जी फाइल सेव्ह करता, कॉपी करता, झिप करता, ती आधी रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला तर चुकलेली फाइलच डिस्कवर लिहिली जाते. फोटोच्या खालच्या अर्ध्या भागात करडे पट्टे, कॉलेज प्रोजेक्टची न उघडणारी फाइल, 'डेटा करप्ट आहे' म्हणणारं गेमचं इन्स्टॉलेशन, ही सगळी त्याची लक्षणं असू शकतात. सर्व्हरमध्ये यासाठी ईसीसी रॅम असते, ती एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते. आपल्या साध्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ती नसते. म्हणजे चूक झाली हे तुम्हाला कुणी कळवतच नाही.

म्हणून रॅमवर संशय आला की एक पथ्य पाळा. तपास पूर्ण होईपर्यंत जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका, विंडोज अपडेट करू नका, आणि बायोस अपडेट तर अजिबात नाही.

तपासाच्या पायऱ्या

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशिन बरं झालं, तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

पायरी एक. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. वेग किती आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसेल. अधिक खोलात जायचं तर सीपीयू-झेड हे फुकट ॲप घ्या, त्यात एसपीडीच्या टॅबमध्ये प्रत्येक स्टिकचं कार्ड वाचता येतं. तिथे १६०० दिसलं म्हणून घाबरू नका. ते घड्याळ आहे, डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणजे वेग ३२००च. आणि ३२००ची स्टिक २६६६ने चालताना दिसली तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. काही प्रोसेसर आणि बोर्डांची मर्यादाच तेवढी असते.

पायरी दोन. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा. सेव्ह करून बाहेर या.

पायरी तीन. चाचणी. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून पीसी सुरू करा. पेनड्राइव्हवरचा जुना डेटा उडेल, आधी काढून घ्या. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण ते पहिल्या चाळणीपुरतं ठीक. मेमटेस्ट८६ची फुकट आवृत्ती चार पासपर्यंत चालते. वेळ खूप लागतो, रात्री लावा आणि झोपा. निकाल कसा वाचायचा? शून्य चुका म्हणजे पास. एक चूक म्हणजे नापास. "एकच तर आली" असं इथे नसतं.

पायरी चार. एक्सएमपी बंद असूनही चुका आल्या, तर एकेक स्टिक वेगळी तपासा. पीसी बंद, मागचा स्विच बंद, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मगच स्टिकला. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकटी स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवतात, आणि दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. तरी बोर्डाचं मॅन्युअल एकदा बघाच. दोन्ही बाजूंचा 'टक' असा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेली स्टिक हासुद्धा एक नेहमीचा गुन्हेगार आहे.

डीडीआर५वाल्यांसाठी वेगळी सूचना : रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिची जुळणी करत बसतो. स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. लगेच बटण दाबून बंद करू नका, थांबा.

निकाल काय सांगतो?

एक स्टिक एकटी असतानाही चुका देते, स्लॉट बदलला तरी देते. ही स्टिक खराब. वॉरंटी काढा.

कुठलीही स्टिक लावा, एका ठराविक स्लॉटमध्येच चुका येतात. मग स्टिक निर्दोष. स्लॉटमध्ये धूळ, सॉकेटची वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर, यातलं काहीतरी असू शकतं. हे जाणकाराकडून बघून घ्या.

दोघी एकट्या पास, जोडीने नापास. किंवा जोडीने एक्सएमपी बंद असताना पास, चालू केलं की नापास. ही न जमणारी जोडी. दुकानात भांडायचं कारण नाही.

जोडी जमवायची कशी?

एक्सएमपी बंद ठेवून चाचणी पास झाली, तर सगळ्यात शहाणपणाचा उपाय तोच : बंदच ठेवा. "पण मग वेग वाया गेला ना?" हिशोब करा. ३२००ची एकटी स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा हलवते. २६६६च्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये मिळून साधारण ४२.६ जीबी. वेग उतरवूनही तुम्ही फायद्यातच आहात. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांना तर हा फरक गेममध्ये सरळ दिसतो.

थोडा वेग हवाच असेल तर पायरीने चढा : २६६६, मग २९३३, आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा पूर्ण चाचणी. बायोस अपडेटनेही कधी कधी जोडी जमते, पण ते करताना पास झालेली एकच स्टिक लावून, साध्या वेगावर करा. चुका करणाऱ्या रॅमवर बायोस लिहिणं म्हणजे बोर्डच पणाला लावणं. व्होल्टेज वाढवायचे सल्ले खूप मिळतील. नेमकं काय करतोय हे माहीत नसेल तर तिकडे जाऊ नका.

सगळं शांत झालं की एक साफसफाई. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि टाइप करा : एसएफसी, एक स्पेस, स्लॅश, स्कॅननाऊ. इंग्रजी अक्षरांत, अर्थातच. त्या गडबडीच्या दिवसांत विंडोजच्या काही फाइल बिघडल्या असतील तर हे शोधून दुरुस्त करायचा प्रयत्न करतं. तुमचे फोटो आणि प्रोजेक्ट मात्र ते तपासत नाही. त्या दिवसांत सेव्ह केलेलं महत्त्वाचं काही असेल, तर उघडून बघा.

आणि विकत घेण्याआधी : लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनी डीडीआर४ रॅम फारच स्वस्त दिसली, तर लेबल वाचा. 'रजिस्टर्ड' किंवा आरडीआयएमएम लिहिलं असेल तर ती सर्व्हरची आहे. स्लॉटमध्ये नीट बसेल, पण साध्या डेस्कटॉपवर चालणार नाही. साधी जुनी रॅम घेत असाल तर परत करायची मुदत आधी विचारा, आणि त्याच रात्री मेमटेस्ट लावा. मुदत संपल्यावर लागलेला निकाल काय कामाचा!

रॅम जोडताय अशा मित्राला हा भाग पाठवा, विशेषतः जो "चालतंय की" म्हणतो त्याला. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत बॅकअप घेत राहा!